बालराजाची सही, मोहोर आणि तिजोरी : ट्यूडर प्रोटेक्टरचा कारभार टप्प्याटप्प्याने कसा तपासावा

इंग्लंडचा सहावा एडवर्ड गादीवर आला तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि कारभार त्याचा मामा एडवर्ड सीमोर, म्हणजे ड्यूक ऑफ सॉमरसेट, प्रोटेक्टर (अज्ञान राजाचा पालक-कारभारी) म्हणून पाहत होता, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. गाडी अडते ती पुढे. पाहत होता म्हणजे नेमकं काय करत होता? हुकूम कुणाच्या सहीने निघत, पैसे कुणाच्या चिठ्ठीवर सुटत? उत्तरपत्रिका आणि ब्लॉग 'राजा अज्ञान असल्याने सर्व सत्ता प्रोटेक्टरकडे आली' या एका वाक्यात विषय उरकतात. ते वाक्य चूक आहे. सत्ता आपसूक आली नाही, ती दीड महिन्यात पायरीपायरीने घेतली गेली. आणि राजाची तिजोरी तर एका जागी नव्हतीच.

१५४७ ते १५५३ या काळातला कुठलाही हुकूम, नेमणूक किंवा खर्च समोर आला की तो खरा कुणाचा, हे काढण्याची पद्धत खाली दिली आहे. क्रम बदलू नका. पैशापासून सुरुवात केली तर हमखास गोंधळ होतो, कारण पैसे सोडणारा कागद आधी समजावा लागतो.

तयारी : वाचायला बसण्यापूर्वी

एका कागदावर चार रकाने आखा : राजा कुणाच्या ताब्यात, सही कुणाची, मोहोर कुणाकडे, पैसा कुठल्या खात्यातून. प्रत्येक नोंद या चारही रकान्यांत बसवायची. एखादा रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा, अंदाजाने भरू नका.

मग तारखा. त्या काळी इंग्लंडमध्ये सरकारी कागदांवरचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे आपण ज्याला जानेवारी १५४७ म्हणतो तो महिना मूळ कागदात १५४६ चा दिसतो. राज्यवर्ष वेगळंच. एडवर्डचं पहिलं वर्ष २८ जानेवारी १५४७ ला सुरू होतं. दोन्ही तारखा लिहून ठेवा.

नावं ही तिसरी अडचण, आणि इथेच सर्वात जास्त लोक घसरतात. हर्टफर्डचा अर्ल आणि सॉमरसेटचा ड्यूक एकच माणूस. जॉन डडली आधी लाइल, मग वॉरिक, मग नॉर्थंबरलंड. विल्यम पॉलेट आधी सेंट जॉन, मग विल्टशर, मग विंचेस्टर. चॅन्सेलर रायोथस्ली फेब्रुवारी १५४७ नंतर साउदॅम्प्टन होतो. ही यादी नजरेसमोर नसेल तर चार माणसांची नऊ-दहा माणसं होतात आणि दरबारात नसलेले गट दिसायला लागतात.

पैशाचं कोष्टकही हाताशी असू द्या : १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. मार्क नावाचं नाणं नव्हतं, ते फक्त हिशेबाचं एकक होतं, १३ शिलिंग ४ पेन्सचं. सॉमरसेटला प्रोटेक्टर म्हणून सालीना ८,००० मार्क मंजूर झाले होते. ते पौंड समजून लिहिले की आकडा दीडपट फुगतो. खरी रक्कम होते ५,३३३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स.

> सावधान : राजा परदेशी गेल्यावर नेमलेला रीजंट आणि राजा अज्ञान असताना बसलेला प्रोटेक्टर यांची गल्लत करू नका. १५४४ मध्ये एडवर्डचा बाप आठवा हेन्री फ्रान्समधल्या बुलोनच्या स्वारीवर गेला तेव्हा राणी कॅथरिन पार रीजंट होती. तिचा अधिकार जिवंत राजाने दिलेला होता आणि तो परतताच संपणारा होता. सॉमरसेटला अधिकार देणारा राजा मेलेला होता, आणि मुळात त्याने तो दिलाच नव्हता.

टप्पा १ : राजा कुणाच्या ताब्यात आहे ते आधी ठरवा

हेन्री २८ जानेवारी १५४७ ला व्हाइटहॉलमध्ये वारला. बातमी तीन दिवस दाबून ठेवली. पार्लमेंटला ती ३१ तारखेला कळली. मधल्या वेळात हर्टफर्ड आणि सर अँथनी ब्राउन घोड्यावरून हर्टफर्ड गावातल्या राजवाड्यावर गेले, एडवर्डला घेतलं, एनफिल्डला बहीण एलिझाबेथ होती तिथे नेलं आणि तिथून लंडनच्या टॉवरमध्ये आणलं.

यातलं एक पत्र नीट पाहण्यासारखं आहे. २९ तारखेला पहाटे तीन ते चारच्या दरम्यान हर्टफर्डने सेक्रेटरी विल्यम पॅजेटला लिहिलं. विषय : मृत्युपत्राच्या पेटीची किल्ली. किल्ली हर्टफर्डकडे होती, पेटी लंडनमध्ये. किल्ली पाठवताना त्याने मृत्युपत्रातलं काय उघड करायचं आणि काय तूर्त नको, याचीही चर्चा केली. राजाला जाऊन पुरता एक दिवस झाला होता, भाच्याला अजून पत्ता नव्हता, आणि मामा किल्लीचा बंदोबस्त करत होता. सगळ्या प्रकरणाची चाल इथे दिसते.

तपासणी : ज्या दिवसाचा हुकूम पाहता आहात त्या दिवशी राजा कुठल्या वाड्यात होता आणि त्याच्या खोलीच्या दाराशी कुणाची माणसं होती? ऑगस्ट १५४७ नंतर हे काम सॉमरसेटच्या बायकोचा सावत्र भाऊ मायकेल स्टॅनहोप पाहू लागला होता. पहिल्या रकान्यात ते नाव लिहा.

टप्पा २ : मृत्युपत्र उघडा, पण फक्त त्यात आहे तेवढंच वाचा

मृत्युपत्रात सोळा कार्यकारी, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारे, नेमले होते. एडवर्ड अठरा वर्षांचा होईपर्यंत त्यांनी बहुमताने कारभार करायचा. त्यांच्या मदतीला आणखी बारा सल्लागार. प्रोटेक्टर हा शब्द त्यात कुठेही नाही. हेन्रीला एकाच माणसाच्या हाती मुलगा द्यायचा नव्हता, असं म्हणायला पुरेशी जागा आहे. १४८३ मध्ये दुसऱ्या एका एडवर्डच्या, पाचव्या एडवर्डच्या, काकाने प्रोटेक्टर होऊन गादीच बळकावली होती, हे इंग्लंडात कुणी विसरलं नव्हतं.

मृत्युपत्रावर तारीख ३० डिसेंबर १५४६ ची आहे. ते हेन्रीच्या हातच्या सहीने नव्हे, ड्राय स्टॅम्पने पक्कं केलं होतं. हा स्टॅम्प म्हणजे राजाच्या सहीचा कोरलेला ठसा. तो कागदावर दाबायचा, उमटलेल्या खोलगट रेषांत शाई भरायची. झाली सही. विल्यम क्लार्क नावाचा कारकून असे ठसे उमटवलेल्या कागदांची दर महिन्याची यादी ठेवायचा. मृत्युपत्र सापडतं ते जानेवारी १५४७ च्या यादीत, तेही शेवटाशेवटाला. म्हणजे कागदावरची तारीख आणि ठशाची नोंद जुळत नाही. यावर अभ्यासकांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. तुम्ही बाजू घ्यायची गरज नाही, पण 'हेन्रीने ३० डिसेंबरला सही केली' असं ठामपणे लिहू नका.

मृत्युपत्रातलं आणखी एक कलम लोक वगळतात. राजाने कबूल केलेल्या पण द्यायच्या राहिलेल्या देणग्या कार्यकाऱ्यांनी पुऱ्या कराव्यात, असं ते सांगतं. कबूल काय केलं होतं, हे कोण सांगणार? मुख्यतः पॅजेट, आठवणीतून. फेब्रुवारीच्या मध्याला त्या आठवणीप्रमाणे पदव्या आणि जमिनी वाटल्या गेल्या. हर्टफर्ड ड्यूक झाला, लाइल अर्ल झाला, धाकटा मामा टॉमस सीमोर बॅरन झाला. सत्तेचा सौदा आणि राजाच्या मालमत्तेला पडलेली पहिली मोठी खार एकाच कलमात बसतात. शेवटच्या रकान्यात ही नोंद न चुकता करा.

टप्पा ३ : पद आणि सनद यांतलं अंतर मोजा

बहुतेक चुका इथल्या. दोन तारखा आहेत आणि दोन्ही लागतात.

३१ जानेवारी १५४७ : टॉवरमध्ये जमलेल्या कार्यकाऱ्यांनी हर्टफर्डला राज्याचा प्रोटेक्टर आणि राजाच्या देहाचा पालक निवडलं. अट अशी की इतर कार्यकाऱ्यांचा सल्ला आणि संमती घेऊनच वागायचं. या दिवशी तो सोळांतला पहिला होता, इतकंच.

१२ मार्च १५४७ : राजाच्या नावाने मोठ्या मोहोरेची सनद निघाली. आता कौन्सिलमध्ये, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळात, कुणाला घ्यायचं ते सॉमरसेट ठरवणार, आणि सल्लाही त्याला हवा तेव्हा, हव्या त्या माणसांचा घेणार. अट गेली. त्याची हुकमत सुरू होते ती या दिवसापासून.

मधल्या काळात काय अडलं होतं? मोठी मोहोर चॅन्सेलर रायोथस्लीकडे होती आणि एकट्या माणसाच्या हाती कारभार द्यायला त्याचा विरोध होता. त्याने कौन्सिलला न विचारता आपलं न्यायालयीन काम इतरांकडे सोपवलं, हा ठपका ठेवून ६ मार्चला मोहोर काढून घेतली गेली आणि पॉलेटकडे आली. सहा दिवसांत सनद तयार. ठपका खोटा नव्हता, पण त्याची वेळ पाहिली की कारण कळतं.

> सावधान : ३१ जानेवारी ते १२ मार्च या काळातल्या कुठल्याही निर्णयाला 'सॉमरसेटचा हुकूम' म्हणू नका. तो कार्यकाऱ्यांचा सामूहिक निर्णय होता, निदान कागदोपत्री. ६ मार्चपर्यंत मोहोरही त्याच्या माणसाकडे नव्हती.

मराठी वाचकाला इथे बारभाई आठवतात आणि तुलना करण्याचा मोह होतो. बारभाईंचं मंडळ पुढे नाना फडणवीसांच्या हाती गेलं, म्हणून सॉमरसेटला इंग्लंडचा नाना म्हणून टाकलं जातं. टाळा. नाना हे पेशव्यांचे नातलग नव्हते, नोकर होते. सॉमरसेट राजाचा सख्खा मामा होता आणि त्याचं सगळं भांडवल तेच होतं.

टप्पा ४ : कागदाची वाट काढा

राजाच्या नावाने एखादी जमीन द्यायची किंवा अधिकारी नेमायचा तर कागद चार हातांतून जायचा. आधी अर्जावर राजाची सही. मग सिग्नेट, म्हणजे सेक्रेटरीकडची छोटी मोहोर. त्यावरून लॉर्ड प्रिव्ही सीलला पत्र, तिथे प्रिव्ही सील. त्यावरून चॅन्सेलरला हुकूम, तिथे मोठी मोहोर आणि सनद. १५३६ च्या कायद्याने ही वाट नेमून दिली होती. कारकुनांच्या दस्तुऱ्या बुडू नयेत हे तिच्यामागचं एक कारण होतं, आणि त्यात नवल नाही.

आता या चार जागांवर माणसं बसवून पाहा. राजाची सही : मुलगा सॉमरसेटच्या माणसांच्या ताब्यात, सहीचा ठसाही त्यांच्याच हाती. सिग्नेट : सेक्रेटरी विल्यम पीटर आणि १५४८ पासून टॉमस स्मिथ, हा दुसरा सॉमरसेटच्या पदरचा. प्रिव्ही सील : जॉन रसेल, जुना मुरब्बी माणूस, कुणाचाच पूर्ण नव्हे. मोठी मोहोर : ऑक्टोबर १५४७ पासून रिचर्ड रिच, जो वारा पाहून पाठ फिरवण्यात पटाईत. चारांतल्या दोन जागा पक्क्या, दोन भरवशाच्या नाहीत. १५४९ मध्ये हाच हिशेब सॉमरसेटला नडला.

वाट टाळण्याचे मार्गही होते. थेट सही केलेला हुकूम चॅन्सेलरला जाऊ शके. जाहीरनामे पार्लमेंटशिवाय निघत, आणि सॉमरसेटने अडीच-पावणेतीन वर्षांत सत्तरहून जास्त काढले. तिसरा मार्ग त्याच्या घरातून जायचा. स्ट्रँडवर त्याचा वाडा उठत होता. त्याचे घरचे सेक्रेटरी, त्यांत तरुण विल्यम सेसिलही होता, अर्ज घेत, पत्रं लिहीत. कौन्सिलसमोर येण्याआधीच गोष्टी ठरत.

> सावधान : प्रिव्ही कौन्सिलचं रजिस्टर छापील स्वरूपात सहज मिळतं, म्हणून सगळे त्यावर विसंबतात. सॉमरसेटच्या काळात त्यातल्या नोंदी बव्हंशी पैसे देण्याच्या हुकमांच्या आहेत. धोरणावरच्या चर्चा त्यात जवळपास नाहीत. रजिस्टर गप्प आहे म्हणून निर्णय झाला नाही असं समजू नका. तो दुसरीकडे झाला.

टप्पा ५ : पैसा कुठल्या खात्यातला ते शोधा

'राजकोष' हा शब्द या लेखनातून काढूनच टाका. एक कोष नव्हता. महसुलाची पाच मोठी खाती होती आणि प्रत्येकाचं दप्तर, खजिनदार आणि हिशेबाची तऱ्हा वेगळी.

1. एक्सचेकर : जुनं खातं. जकात, पार्लमेंटने मंजूर केलेले कर, शेरिफांकडून येणारी जुनी देणी.
2. कोर्ट ऑफ ऑग्मेंटेशन्स : मठांच्या जप्त जमिनींचा खंड आणि विक्री. १५४७ मध्ये त्याची नव्याने रचना झाली.
3. फर्स्ट फ्रूट्स अँड टेन्थ्स : पाद्र्यांचं पहिल्या वर्षाचं उत्पन्न आणि दरसालचा दहावा हिस्सा.
4. वॉर्ड्स अँड लिव्हरीज : अज्ञान वारसांच्या इस्टेटींची पालकी.
5. डची ऑफ लँकेस्टर : राजाची खासगी जहागीर, तिचा हिशेब तिच्यापाशीच.

याखेरीज दोन जागा, आणि सॉमरसेटच्या दृष्टीने त्याच महत्त्वाच्या : टांकसाळ, आणि राजाच्या महालातला जामदारखाना. टांकसाळींचा मुख्य खजिनदार एडमंड पेकम. जामदारखाना आधी राजाच्या महालातला सेवक अँथनी डेनीकडे, मग स्टॅनहोपकडे. फेब्रुवारी १५४७ मध्ये सॉमरसेट लॉर्ड ट्रेझररही झाला, पण हे पद एक्सचेकरचं. बाकीची खाती त्या पदाखाली येत नव्हती. 'तो ट्रेझरर झाला, म्हणजे सगळा पैसा त्याच्या हाती' ही चूक मी छापील पुस्तकांतही पाहिली आहे.

मग तो पैशावर हुकमत कशी चालवायचा? चिठ्ठ्यांनी. एक्सचेकरमधून रक्कम काढायला मोहोरेचा हुकूम लागे, ती वाट लांबची. ऑग्मेंटेशन्स आणि टांकसाळीच्या खजिनदारांना मात्र कौन्सिलची सहीची चिठ्ठी पुरे. म्हणून घाईचा खर्च नेहमी त्याच दिशेने वळलेला दिसतो. घाई होतीच. सप्टेंबर १५४७ मध्ये पिंकीची लढाई जिंकल्यावर सॉमरसेटने स्कॉटलंडात ठाणी बसवली, आणि ठाण्यांना पगार, धान्य, दारूगोळा लागतो. एका हॅडिंग्टनच्या ठाण्याने केवढा पैसा गिळला! स्कॉटलंडच्या मोहिमेचा खर्च तीन वर्षांत ५ लाख ८० हजार पौंडांच्या घरात गेला. तुलनेला, १५५२ च्या महसूल आयोगाने पाचही खात्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न मोजलं ते सुमारे २ लाख ७२ हजार.

तूट भरली ती मुख्यतः टांकसाळीने. रुप्याच्या नाण्यात बारापैकी चारच औंस रुपं उरलं होतं, ते हेन्रीच्याच काळात, १५४६ मध्ये. सॉमरसेटने तो धंदा चालू ठेवला. १५४४ ते १५५१ या सात वर्षांत खोट मिसळण्यातून राजसत्तेला मिळालेला नफा साडेबारा लाख पौंडांच्या आसपास मोजला जातो. किंमत बाजाराने मोजली. भाव चढले, आणि प्रोटेक्टर मात्र महागाईचं खापर मेंढ्यांसाठी कुरणं कुंपणात घालणाऱ्या जमीनदारांवर फोडत राहिला. मला हे त्याचं सर्वात मोठं अपयश वाटतं. टांकसाळ त्याच्या हाती होती, कुंपणं नव्हती.

मार्च १५४९ मध्ये मेंढ्यांवर आणि कापडावर कर बसवला. मेंढ्या मोजायच्या म्हणजे गावोगाव नोंदी करायच्या. पुढच्याच अधिवेशनात पार्लमेंटने तो रद्द केला.

तपासणी : कर मंजूर झाल्याची तारीख आणि पैसा जमा झाल्याची तारीख वेगवेगळी लिहिली आहे ना? या काळात दोन्हींत महिन्यांचं अंतर असतं, आणि मेंढ्यांच्या करासारखं कधी दुसरी तारीख जवळपास येतच नाही.

टप्पा ६ : एक नोंद पूर्ण सोडवून पाहा

लहान नोंद घ्या : राजाचा हातखर्च. टॉमस सीमोरवर १५४९ मध्ये राजद्रोहाचा आरोप आला तेव्हा एडवर्डचाही जबाब घेतला गेला. सॉमरसेट मामा फार कडक वागतो, मनासारखे पैसे मिळत नाहीत, अशी तक्रार त्याच्या तोंडी तिथे आहे. पैसे गुपचूप पोचवायचा धाकटा मामा, महालातल्या जॉन फाउलर नावाच्या सेवकाच्या हातून.

रकाने भरा. राजा : स्टॅनहोपच्या देखरेखीखाली. सही आणि मोहोर : लागलीच नाही. पैसा : टॉमस सीमोरचा खासगी. तो कुठून आला याचा एक धागा ब्रिस्टलच्या टांकसाळीपर्यंत जातो. तिथला अधिकारी विल्यम शॅरिंग्टन अफरातफर करत होता आणि सीमोरने त्याला पाठीशी घातलं होतं. लहान मुलाच्या खिशातल्या नाण्यांपासून निघालो आणि टांकसाळीच्या घोटाळ्यापाशी पोचलो. टॉमसचं डोकं २० मार्च १५४९ ला उडालं. राजाचा हातखर्च आवळणं ही काटकसर नव्हती. राजाभोवती दुसरा कुणी उदार मामा उभा राहू नये याचा तो बंदोबस्त होता, आणि तो फसला.

टप्पा ७ : सत्ता कुठल्या रकान्यातून गळली ते पाहा

ऑक्टोबर १५४९. उन्हाळ्यातली बंडं मोडून डडली आणि इतर सरदार लंडनमध्ये सैन्यासह जमले. सॉमरसेट राजासह हॅम्प्टन कोर्टला होता. त्याने राजाच्या नावाने प्रजेला हत्यारं घेऊन यायचं आवाहन केलं. ६ तारखेच्या रात्री राजाला घेऊन तो विंडसरला गेला.

रकाने पुन्हा पाहा. राजा सॉमरसेटकडे. सही त्याच्याकडे. सिग्नेटचा सेक्रेटरी पीटर बोलणी करायला लंडनला पाठवला तो परतलाच नाही. मोठ्या मोहोरेसह रिच लंडनच्या बाजूला. टॉवर त्यांच्याकडे, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या फौजेचे सरदार रसेल आणि हर्बर्ट यांनी सॉमरसेटच्या मदतीला यायचं नाकारलं. ११ तारखेला सॉमरसेटला अटक झाली.

१५४७ मध्ये राजाचा ताबा पुरला, कारण बाकीचे सौद्यात होते. १५४९ मध्ये तोच ताबा एकटा पडला. पॅजेटने त्याच वर्षी जुलैत सॉमरसेटला लिहून बजावलं होतं : हेन्रीचा श्वास चालू असताना वेस्टमिन्स्टरच्या गॅलरीत मला काय वचन दिलं होतं ते आठव. वचन होतं सल्ला ऐकण्याचं.

टप्पा ८ : डडलीला तीच पट्टी लावा, पण पद शोधू नका

सॉमरसेटनंतर कारभार डडलीच्या हाती आला, पण त्याने प्रोटेक्टर ही पदवी घेतली नाही. फेब्रुवारी १५५० पासून तो कौन्सिलचा लॉर्ड प्रेसिडेंट होता आणि राजाच्या घरकारभाराचा प्रमुख. म्हणून त्याची सत्ता कमी होती असं लिहिणारे पदवीला भुलतात. कौन्सिलमध्ये त्याची माणसं वाढली. सेसिल, जो सॉमरसेटबरोबर पडला होता, सप्टेंबर १५५० मध्ये सेक्रेटरी होऊन परतला. ट्रेझररपदी पॉलेट आला. बुलोन फ्रान्सला ४ लाख क्राउन घेऊन परत दिलं, स्कॉटलंडची ठाणी उठवली, खर्चाचं भगदाड बुजलं.

नाण्याच्या बाबतीत मात्र त्याला धुतल्या तांदळासारखा समजू नका. १५५१ मध्ये शिलिंगाची किंमत जुलैत १२ वरून ९ पेन्सवर आणि ऑगस्टमध्ये ६ पेन्सवर आणली. पण त्याआधी त्याच वसंतात बारापैकी तीनच औंस रुप्याची, सगळ्यांत हिणकस नाणी पाडून शेवटचा नफा उपसून घेतला. ज्याच्या गाठीला शिलिंग होते त्याचं धन एका उन्हाळ्यात निम्मं झालं. कालक्रम उलटा लिहिला तर डडली सुधारक दिसतो, सुलटा लिहिला तर हिशेबी.

सहीची शेवटची नोंद १० नोव्हेंबर १५५१ ची. कौन्सिलने ठरवलं की राजाने सही केलेल्या कागदांवर यापुढे सभासदांनी जोडसह्या करायच्या नाहीत, राजाची एकट्याची पुरे. वरवर पाहता चौदा वर्षांच्या राजाला मोकळीक मिळाली. पण महालात राजाजवळ डडलीचा माणूस सर जॉन गेट्स होता आणि सहीचा ठसा त्याच्या हाती होता. या तारखेनंतरच्या कागदावर कौन्सिलच्या सह्या नाहीत म्हणून तो राजाने स्वतः काढला असं धरू नका. दुसऱ्या रकान्यात एडवर्डचं नाव लिहा, शेजारी गेट्सचं लिहा, आणि पुढच्या नोंदीकडे वळा.